डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा चीनमधून झालेला पत्रव्यवहार

कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३८ च्या मार्चअखेर चिनी कम्युनिस्टांच्या येनान या तळावर पोहोचले आणि तिथून उत्तर चीनमधल्या जपानविरोधी आघाडीवर गेले. त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी रणभूमीजवळ रक्त पोहोचवणारं फिरतं पथक उभारलं होतं.

चीनमधली त्यांची पत्रं दोन तऱ्हांची आहेत. सहकाऱ्यांना आणि लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत शस्त्रक्रियांचा हिशेब, औषधांची टंचाई आणि प्रशिक्षित माणसांची मागणी असते. भाषा रोखठोक, कधी चक्क चिडलेली. स्वतःला देऊ केलेला भत्ता मात्र त्यांनी नाकारला. तो पैसा जखमींसाठी वापरावा, असं कळवलं.

मित्रांना लिहिताना तेच बेथ्यून एकाकी वाटतात. इंग्रजी बोलणारं जवळपास कुणी नाही, मायदेशातून पत्रं येत नाहीत. १९३९ च्या ऑगस्टमधल्या एका पत्रात त्यांना कॉफी, ॲपल पाय आणि आइस्क्रीमची स्वप्नं पडतात. जगात अजून पुस्तकं लिहिली जातात का, असंही ते विचारतात. त्यांचा खरा स्वभाव इथेच सापडतो.

ऑक्टोबरच्या शेवटी शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात सामानाची वाटणी आहे, घटस्फोटित पत्नीची काळजी आहे आणि औषधं कुठे महाग मिळतात याची सूचनाही! १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. चीनमधल्या त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रं १९४१ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे आली.