सांदणाचा डबा

रमजान सुरू झाला की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, यंदा मोहम्मद अली रोडला कधी जायचं?" विचारणाऱ्यांत रोजा धरणारे कमी आणि खवय्ये जास्त. मला त्यात गैर काही वाटत नाही. गणपतीत मीही आरतीपेक्षा मोदकांच्या ओढीने मित्रांकडे गेलेलो आहे.

२०१९ साली पहिला रोजा ७ मे रोजी झाला. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, ते सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. मी पहिला रोजा धरला तो १९८६ सालच्या मे महिन्यात, कोकणात, नऊ वर्षांचा असताना. घरात आंब्याची अढी आणि पोटात पाण्याचा थेंब नाही! आई संध्याकाळी इफ्तारचं करायची, पण तिचा रोजा असल्यामुळे मीठ चाखायला माझ्या धाकट्या भावाला हाक मारायची. तो ऐटीत ओट्याजवळ जायचा आणि मी त्याच्याकडे रागाने बघत बसायचो. २०१९ मध्ये पुन्हा तोच मे आणि तेच साडेचौदा तास. दिवसा माणूस सुकून जातो, म्हणून रात्रीला एवढा जीव येतो.

गणिताचे सर दोन वर्षांपासून माझ्याबरोबर येतात. वयाने माझ्यापेक्षा मोठे, पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारे. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना फिरनी दिली, आइस्क्रीम दिलं, कबाबांच्या धुरातून जपून पलीकडे नेलं. मी कोणाला तरी सलाम करण्यात गुंतलो होतो, तेवढ्यात त्यांनी समोरच्या गाडीवरून मालपुवा घेतला. पोळपाटाएवढा, तुपात तळलेला, वर मलई. मी वळलो तेव्हा पहिला घास तोंडात गेलेला होता.

या भागातल्या रमजानी मालपुव्यात अंडी असतात. थोडीथोडकी नव्हे, भरपूर. मैदा, दूध आणि अंडी एकत्र फेटतात, त्यानेच त्याला तो मऊपणा येतो. तळणाऱ्याच्या बाजूला अंड्यांचे ट्रे एकावर एक रचलेले असतात. गर्दीमुळे सरांना ते दिसले नसावेत. मला दिसत होते. सर डोळे मिटून म्हणाले, "वा! आमच्या घरच्या मालपुव्यापेक्षा सरस आहे हो." मी हसलो. आता सांगून काय होणार, खाऊन तर झालं, बिचाऱ्यांचा विरस कशाला, असं मनाशी म्हणालो. मग त्यांनी आणखी एक बांधून घेतला, आईसाठी. त्यांच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, एकादशी करतात. तो पुडा बांधला जात होता तेव्हाही मी गप्प होतो. सांगायला पुरता वेळ होता.

रोजा केवळ पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. खोटं बोलू नये, चहाडी करू नये. न बोलण्याचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता म्हणून मीही काढला नव्हता.

यंदा सरांनीच दिवस ठरवला. पनवेलहून सव्वासहाची लोकल पकडली. खिडकीशी बसल्या बसल्या ते म्हणाले, "आईने बजावून सांगितलंय, तो गेल्या वर्षीचा मालपुवा आणायचा. वर्षभर नाव काढत होती."

वाशीची खाडी येईपर्यंत मी धीर गोळा करत होतो. पुलावर गाडीचा आवाज वाढला, तेव्हा सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. दोन वाक्यांत झालं.

सर बराच वेळ खाली पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी न विचारता खाल्लं, ती चूक माझी. पण आईसाठी घेतला तेव्हा तुम्ही सांगायला हवं होतं, सर."

"हो," मी म्हणालो.

मानखुर्द गेलं, गोवंडी गेलं. आम्ही बोललो नाही. परतीची गाडी धरू या, असं ते आता म्हणतील असं मला वाटत होतं. चेंबूर सुटलं तसं डब्यात चुळबुळ सुरू झाली. कोणी पिशवीतून फळांचा डबा काढला, कोणी पाण्याची बाटली शेजाऱ्याच्या हातात दिली. उपनगरी गाडीतली इफ्तार ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावी. नाव-गाव न विचारता खजूर हातोहात फिरतात. सरांनी घड्याळ पाहिलं, बॅगेतून छोटी डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "वेळ झाली." गेल्या वर्षीही त्यांनी अशीच डबी आणली होती. मी खजूर घेतला. त्यांनी एक स्वतः खाल्ला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

सँडहर्स्ट रोडला उतरलो. वाटेतल्या मशिदीत मी मगरीबची नमाज पढून आलो, तोवर सर माझी पिशवी आणि चपला सांभाळत उभे होते. मिनारा मशिदीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवे लागले होते, पण खरी गर्दी व्हायची होती. ती होते तरावीहनंतर. तरावीह म्हणजे रमजानमधली रात्रीची विशेष नमाज, तीत रोज कुरआनचा थोडा थोडा भाग पठण केला जातो. ती आटोपून लोक बाहेर पडतात आणि मग सहरीपर्यंत हा रस्ता झोपत नाही. नळी निहारीची पातेली, सीखकबाबांच्या सळ्या, मोठ्या तव्यावर चौकोनी घडीची बैदा रोटी, खाजा, फेण्या, मातीच्या वाटीत गोठलेली फिरनी. तुपाचा आणि कोळशाचा वास कपड्यांना असा चिकटतो की दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं ओळखतात.

खाणाऱ्यांचे फोटो पुष्कळ निघतात. मला मात्र दरवर्षी कढईमागची माणसं बघावीशी वाटतात. यातल्या अनेकांचा दिवसभराचा रोजा असतो. मे महिन्याच्या दुपारी ते भट्टी पेटवतात, पीठ भिजवतात, मसाला वाटतात आणि चाखून बघता येत नाही म्हणून मीठ-साखर हाताच्या अंदाजाने टाकतात. बांग झाली की एका हाताने खजूर तोंडात, दुसऱ्या हातात झारा. आपण ज्याला रमजानची मौज म्हणतो, ती बहुधा अशा उभ्या उभ्या सोडलेल्या रोज्यांवर चालते.

सरांनी या वेळी माझ्यावर काहीच सोपवलं नाही. प्रत्येक गाडीपुढे थांबून ते मराठी वळणाच्या हिंदीत स्वतः विचारत होते, "इसमें अंडा है क्या?" मला आधी ओशाळल्यासारखं झालं. पण विक्रेत्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मालपुवेवाल्याने तर हातातलं काम थांबवून ट्रेकडे बोट दाखवलं. "साहब, इसमें तो अंडा ही अंडा है. आप फिरनी लो, वो दूध-चावल की है." एवढं सोपं होतं. वर्षभर मी ते अवघड करून ठेवलं होतं.

पुढे सांदणाची गाडी दिसली. इथे त्याला बरेच जण 'संदल' म्हणतात, पण आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरात ते सांदणच. पांढरंशुभ्र, इडलीसारखं वाफवलेलं, तांदूळ आणि नारळाच्या दुधाचं, वर मलईचा थर. कोकणातल्या हिंदू घरांत फणसाच्या रसाचं पिवळं सांदण होतं, त्याचं हे भावंड. मी उत्साहाने म्हणालो, "सर, हे बिनधास्त घ्या. यात अंडं नसतं. मी लहानपणापासून खातोय."

"तुमच्या घरच्यात नसतं," सर म्हणाले. "विचारा तरी."

मी विचारलं. गाडीवाला म्हणाला, "हमारे में नहीं है. कोई कोई सफेदी फेंटके डालते हैं, फूलने के लिए." म्हणजे शेजारच्या गाडीवर आम्ही आंधळेपणाने घेतलं असतं तर गेल्या वर्षीचीच गत झाली असती, आणि या वेळी माझ्या शब्दावर. सरांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत, पण थोडंसं हसले. संध्याकाळपासून पहिल्यांदा.

आम्ही तिथेच उभे राहून एकेक सांदण खाल्लं. मग मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. प्लॅस्टिकच्या डबीत सांदण दबतं, मलई झाकणाला लागते, म्हणून मी घरूनच डबा नेतो. त्यात चार सांदणं भरून घेतली आणि सरांच्या हातात दिली. त्यांनी नको म्हटलं नाही. पैसे मात्र मला देऊ दिले नाहीत.

बोहरी मोहल्ल्यात ताजचं आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय आमची फेरी पुरी होत नाही. १८८७ पासूनचं दुकान, बर्फ-मिठाच्या पिंपात हाताने फिरवलेलं आइस्क्रीम. मी तिकडे वळलो, तर सर म्हणाले, "आज नको. डबा घरी लवकर पोचायला हवा." उन्हाळ्याच्या दिवसांत मलई टिकत नाही, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी विचारलं, आईंना सांगितलंत का?

"सांगितलं. रात्रीच."

"काय म्हणाल्या?"

"मालपुव्याबद्दल काही नाही. उठून देवापाशी जाऊन बसली. सकाळी डबा उघडून बघितला. म्हणाली, हे तर आपलं सांदण, नुसता फणस घालायचा राहिलाय."

"खाल्लं?"

"मी निघेपर्यंत तरी नाही," सर म्हणाले आणि तासाला गेले.

या गोष्टीला आज सहा दिवस झाले. डबा अजून परत आलेला नाही. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. म्हणून मीही मागितलेला नाही.