घडाची पिशवी कोणाची?

पहाटे साडेपाच. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात नगरपालिकेच्या सफाई कामगारांची हजेरी लागते. जानेवारीतली खानदेशी थंडी हाडांपर्यंत पोचते. मुकादम हातमोजे वाटतात, घंटागाडीचं डिझेल बघतात आणि पायीच निघतात. पहिलं काम झाडलोटीचं नसतं, विझवण्याचं असतं. रात्रीच्या शेकोट्यांत लाकडाबरोबर टायरचे तुकडे आणि पिशव्याही जळतात. अशा सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, त्यामुळे धूर वर जात नाही, गल्लीतच रेंगाळतो. शाळेत निघालेली पोरं तोच धूर छातीत भरून घेतात. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच दिला आहे. पण शेकोटीभोवती म्हाताऱ्या माणसांनाच थंडीने जमवलेलं असतं. मुकादम पावती फाडत नाहीत. टायर बाजूला ओढतात आणि सांगतात, "काका, लाकडं जाळा, हे नका जाळू."

सात ते दहा. घंटागाडी गल्लोगल्ली फिरते. एका ओट्यावरून भरलेली बादली पुढे येते.

"आक्का, ओलं-सुकं वेगळं नाही केलं?"

"पाहुणे होते ना भाऊ घरी, मंग एकातच टाकलं."

"उद्या वेगळं द्या बरं. ह्याच्यात काच असली तं पोराचा हात कापतो."

माझ्या मते प्रदूषणाची अर्धी लढाई या ओट्यावरच हरली किंवा जिंकली जाते. भाताची शितं, डायपर आणि औषधांच्या बाटल्या एकदा एका बादलीत गेल्या की पुढचं कोणतंही यंत्र त्यांना नीट वेगळं करू शकत नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण करणं नागरिकावर बंधनकारक केलं आणि वेगळा दिलेला कचरा वेगळाच उचलणं स्थानिक संस्थेवर. पालिकेची गाडी सगळं एकत्र ओतत असेल, तर घरात दोन डबे ठेवणाऱ्या बाईने रोजची मेहनत का घ्यावी? एकाने हात सोडला की दुसऱ्याचाही सुटतो.

दुपार कार्यालयात जाते. नोंदवह्या, तक्रारी, गाडीच्या दुरुस्तीची कागदपत्रं. जबाबदारी एकाच बाजूची नाही, हे राज्यघटनाही सांगते. तिच्यात १९७६ साली बेचाळिसावी दुरुस्ती झाली. पर्यावरण राखण्याची जबाबदारी कलम ४८-अ ने राज्यावर आणि ५१-अ ने नागरिकावर टाकली, दोन्ही एकाच दुरुस्तीत. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख मात्र कोणत्याही ओट्यावर वेगळी करता येत नाही. ते केंद्र चालवणारी कंपनी राज्य सरकारची आणि त्यावर लक्ष ठेवणारं प्रदूषण नियंत्रण मंडळही राज्याचंच. तिथे नागरिकाला उपदेश करून भागणार नाही, सरकारने स्वतःलाच जाब विचारायला हवा.

दुपारी चार. ड्युटी संपवून मुकादम मोटरसायकलने शेजारच्या गावी, आपल्या घरी निघतात. वाटेत एका मळ्यात केळीची कापणी चालू आहे. घड उतरवून फण्या धुतल्या जातात, बॉक्समध्ये भरल्या जातात. बांधावर निळ्या-पांढऱ्या पिशव्यांचा ढीग साचतो. या स्कर्टिंग बॅगा घडाला थंडी, धूळ आणि किडीच्या डागांपासून वाचवतात. डाग नसलेल्या मालालाच निर्यातीचा भाव मिळतो, म्हणून शेतकऱ्याला त्या घालाव्याच लागतात. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी सुमारे १७४० झाडं बसतात आणि प्रत्येक घडाला एक पिशवी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या घडावरून उतरलेली पिशवी कोणाच्याच हिशोबात नाही.

ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला वजनावर नेतो. पिशवी हलकी, मळलेली, त्यामुळे तिला कोणी हात लावत नाही. मग ती बांधावर पेटते, किंवा रोटाव्हेटरखाली चिंध्या होऊन मातीत मिसळते. शहरात निदान घंटागाडी येते, शिवारात ती येत नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ग्रामपंचायतींनाही जबाबदार धरलं आणि प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर ते परत गोळा करण्याचं उत्तरदायित्व टाकलं. हा नियम बांधापर्यंत पोचवणं सरकारचं काम आहे. ज्या दुकानातून पिशव्या आल्या, तिथेच जुन्या घेण्याची सोय करायला लावली, तर शेतकरी त्या जाळणार नाही. ट्रॅक्टर तसाही खत आणायला गावात येतो.

संध्याकाळी सात. जेवणाआधी मुकादम वहीचं पान फाडून अर्ज लिहितात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो द्यायचा आहे. मागण्या दोनच: कापणीच्या हंगामात पिशव्या साठवायला ग्रामपंचायतीने एक जागा नेमून द्यावी, आणि त्या परत नेण्याबद्दल विक्रेत्यांना लेखी विचारावं. खाली स्वतःची सही करून ते अर्ज शेजारच्या दोन केळी उत्पादकांकडे नेतात. पहिल्याने लगेच सही केली. दुसरा म्हणाला, "ठेवून जा भाऊ, वाचतो अन् सकाळी देतो."