घराच्या नकाशातल्या बारीक 'नोट्स' कुणी वाचत नाही, पण स्लॅबचं आयुष्य त्यातच लिहिलेलं असतं

घर बांधायला काढलं की आर्किटेक्टकडून ड्रॉइंगची गुंडाळी हातात येते. आपण काय बघतो? हॉल केवढा, किचन कुठं, देवघराला जागा आहे का. शीटच्या उजव्या बाजूला बारीक अक्षरात दहा-पंधरा ओळी असतात, तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

आता स्लॅबचंच उदाहरण घ्या. सळईभोवती काँक्रीटचा जो थर असतो, त्याला साईटवर 'कव्हर' म्हणतात. आयएस 456 या भारतीय मानकानुसार पाऊस-वाऱ्यापासून सुरक्षित जागी ते 20 मिमी चालतं, पण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघड्यावर असलेल्या बांधकामाला 45 मिमी लागतं. 1:100 च्या नकाशात हेच कागदावर होतात 0.2 आणि 0.45 मिमी. म्हणजे रेघेच्या जाडीएवढा फरक, तो डोळ्याला कसा दिसणार? काँक्रीट एम20 आहे की एम30, हे तर चित्रात दाखवताच येत नाही. पुण्यातल्या घराचा आतला स्लॅब आणि रत्नागिरीतल्या घराची समुद्राकडची गच्ची नकाशात अगदी सारखी दिसेल. फरक सांगते ती फक्त नोट. ती चुकली, तर खारी हवा सळईपर्यंत लवकर पोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडायला लागतात.

बहुतेक नकाशांवर आणखी एक ओळ हमखास सापडते: लिहिलेलं माप धरा, पट्टी लावून मोजू नका. कारण साधं आहे. झेरॉक्सवाल्याने शीट कागदावर बसवण्यासाठी थोडी लहान केली, की पट्टीचं माप खोटं ठरतं. लिहिलेला आकडा मात्र तोच राहतो.

पण तो आकडा वाचता आला पाहिजे ना! इथेच अक्षराचा आकार महत्त्वाचा ठरतो. तांत्रिक रेखाटनातल्या अक्षरांसाठी आयएसओ 3098 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात उंची ठरलेल्या आहेत: 1.8, 2.5, 3.5, 5, 7 मिमी आणि पुढे. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा सुमारे 1.4 पट मोठा. कागदाचे ए3, ए2, ए1 हे आकारही याच पटीत वाढतात, त्यामुळे शीट एका आकाराने लहान केली की अक्षरही मालिकेतल्या खालच्या उंचीवर येतं. गोची होते ती साईटवर. ए1 ची शीट तिथे सर्रास ए3 वर छापून नेतात, म्हणजे 2.5 मिमीचं अक्षर उरतं सव्वा मिमीचं. सिमेंटच्या धुळीत, दुपारच्या उन्हात ते मिस्त्रीला वाचायला लावणं म्हणजे थट्टाच.

ऑटोकॅडमध्ये नवशिके आणखी एका ठिकाणी अडकतात. तिथे घर खऱ्या मापात काढतात आणि छापताना लहान करतात. त्यामुळे 1:100 च्या शीटवर 2.5 मिमीचं अक्षर हवं असेल, तर चित्रात ते 250 मिमी उंच काढावं लागतं. 1:50 ला 125. हा गुणाकार विसरला की एका शीटवर मुंगीएवढी अक्षरं आणि दुसऱ्यावर पाटीएवढी. 'ॲनोटेटिव्ह टेक्स्ट' ही सोय याचसाठी आहे, शीटची स्केल पाहून ती अक्षराची उंची स्वतःच ठरवते.

मांडणीचे नियम फारसे अवघड नाहीत. नोट्स एका रांगेत डावीकडून सुरू कराव्यात, बाणांच्या रेघा एकमेकींना कापू नयेत, मापाच्या आकड्यावर अक्षर चढू नये.

सगळ्यात महागात पडते ती मात्र वेगळीच सवय: एकच गोष्ट तीन शीटवर लिहिणं. बाहेरची भिंत 150 मिमीची 230 करायची ठरते, दोन शीटवर बदल होतो, तिसरी राहून जाते. गवंड्याच्या हातात नेमकी तीच पडते. म्हणून जाणकार ड्राफ्ट्समन अशी गोष्ट एकदाच 'जनरल नोट्स'मध्ये लिहितात आणि बाकीच्या शीटवर फक्त तिचा क्रमांक देतात. नोट बदलली की तिच्याभोवती ढगासारखी रेघ काढतात, शेजारी त्रिकोणात बदलाचा क्रमांक घालतात आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात तारीख टाकतात. साईटवर गेलात, तर भिंतीला चिकटवलेल्या शीटवरची ही तारीख आपल्याकडच्या शीटशी जुळवून बघा.