मधमाशी आजारी पडते तेव्हा

सातेरी आणि आग्या : भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या दोन ओळखीच्या माश्या. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते, आग्या उघड्या कड्याला.

• कीटकांत प्रतिपिंडे नसतात. रक्तातल्या पेशी जंतू गिळतात, शिवाय जंतुनाशक प्रथिने तयार होतात.

• बुरशी ओळखणारी 'टोल' यंत्रणा १९९६मध्ये ड्रोसोफिलात (केळ्यांवरचे चिलटच ते!) उलगडली. ती उलगडणारे झूल हॉफमन २०११च्या नोबेलचे एक मानकरी.

• कामकरी माश्या रोगट अळी वासावरून ओळखून बाहेर टाकतात.

• थाई सॅकब्रूड : सातेरीच्या अळ्यांचा विषाणुजन्य रोग. माणसाला होत नाही.

• अळ्यांना ३३ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान लागते. उकाडा वाढला की माश्या पाणी आणतात, पंखांनी वारा घालतात.

• उष्णतेला पेशी देत असलेला प्रतिसाद १९६२मध्ये नोंदला गेला, तोही ड्रोसोफिलात.