मनिलाचे जुने मारधाडपट

फिलिपिन्सचे १९६० ते १९८० च्या दशकांतले गुन्हेगारीपट आम्हाला आवडतात. फर्नांडो पो ज्युनियर यांचा नायक अन्याय सोसत राहतो आणि अगदी शेवटी हात उचलतो. या लोकप्रियतेवर पो २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, पण हरले. दुसरे अभिनेते जोसेफ एस्ट्राडा मात्र १९९८ मध्येच त्या पदावर पोहोचले होते! दुसऱ्या टोकाला जेमतेम पावणेतीन फुटांचा वेंग वेंग, १९८१ चा गुप्तहेर.

संग्राहक या चित्रपटांमागे लागतात ते केवळ गमतीसाठी नव्हे. उष्ण, दमट हवेत फिल्म खराब होते, तिला शिरक्यासारखा वास येतो, रिळे आक्रसतात. कित्येक चित्रपटांची मूळ रिळे अशीच गेली. बँकेत खतावणीला वाळवी लागली, तरी व्हाउचरांवरून हिशेब पुन्हा उभा करता येई. इथे मागे उरते ती एखादी घासलेली व्हिडिओ कॅसेट, आणि तीही दरवर्षी थोडी पुसट होत जाते.