मुतखड्याचं यंत्र आणि दूरच्या बंदरातला अधिकारी

मुतखड्याचा त्रास ज्यांना झाला आहे, त्यांना लिथोट्रिप्सी हा शब्द नवा नाही. पोट न फाडता बाहेरून धक्कालहरी सोडायच्या आणि आतला खडा फोडायचा. या यंत्रात 'ट्रिगर्ड स्पार्क गॅप' नावाचा एक छोटासा भाग असतो, दिसायला दोऱ्याच्या रिळासारखा. क्षणार्धात प्रचंड दाबाची वीज सोडणारं बटण म्हणा ना. आता पंचाईत अशी, की अणुबॉम्बचा स्फोट घडवण्यासाठीही असंच बटण लागतं.

२००३ मध्ये केपटाऊनच्या एका व्यापाऱ्यानं अमेरिकेतून असे २०० नग मागवले. सोवेटोतल्या रुग्णालयासाठी हवेत, असं कागदोपत्री दाखवलं. एका रुग्णालयाला खरं तर पाच-सहा नग पुरतात! अमेरिकी अधिकाऱ्यांपर्यंत निनावी खबर आधीच पोहोचली होती. त्यांनी उत्पादकाकडून ६६ नग निकामी करून घेतले आणि माल जाऊ दिला. तो केपटाऊनला उतरला, तिथून दुबईला आणि पुढे पाकिस्तानात गेला. १ जानेवारी २००४ रोजी हा व्यापारी डेन्व्हर विमानतळावर उतरला आणि पकडला गेला. पुढे त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

इथे खबर मिळाली म्हणून निभावलं. एरवी माल एकदा आपल्या किनाऱ्यावरून सुटला, की तो पुढे कुठे वळेल हे दुसऱ्याच देशातला कुणी अधिकारी ठरवतो. माझी नोकरी निर्यातीच्या कागदपत्रांत गेली. त्या अनुभवावरून सांगतो, येणाऱ्या मालावर सरकारला शुल्क मिळतं, त्यामुळे आयातीकडे सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. बाहेर जाणारा, किंवा एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढणारा माल मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो अडवला तर अधिकाऱ्याला शाबासकी मिळत नाही, उलट बंदराची गती मंदावली म्हणून बोलणी बसतात.

म्हणूनच अमेरिकेचं परराष्ट्र खातं दुसऱ्यांच्या कस्टम्स अधिकाऱ्यांवर स्वतःचा पैसा खर्च करत आलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि अण्वस्त्रांचं सामान व जाणकार माणसं नव्या, दरिद्री देशांत विखुरली. सुरुवातीचा खर्च मुख्यत्वे तिकडेच झाला. पुढे ज्या बंदरांतून माल नुसता बदली होतो, त्या देशांकडे हा ओघ वळला. 'निर्यात नियंत्रण आणि सीमा सुरक्षा' असं या कार्यक्रमाचं नाव. युरोपीय संघानंही २००० नंतरच्या दशकात असाच कार्यक्रम काढला.

या पैशातून होतं काय? कायद्याचा मसुदा करायला वकील मिळतात, परवान्यांसाठी संगणकप्रणाली मिळते, क्ष-किरण यंत्रं आणि किरणोत्साराचे शोधक बसवले जातात. पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं काम प्रशिक्षणवर्गात होतं. तिथे अधिकाऱ्याला वस्तू ओळखायला शिकवतात. मॅरेजिंग स्टील नावाचं एक चिवट पोलाद असतं. त्याचा गोल्फच्या काठीला पत्रा लावतात, आणि युरेनियम शुद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजची नळीही त्याचीच होते. कार्बन फायबर बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये असतं आणि क्षेपणास्त्राच्या कवचातही. शिपिंग बिलावर 'पाइप' किंवा 'धागा' एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून नेमका कुठला प्रश्न विचारायचा, हे कुणीतरी शिकवावंच लागतं.

कायदाच नसेल तर काय होतं, ते मलेशियानं पाहिलं. क्वालालंपूरजवळच्या शाह आलम इथल्या एका कारखान्याला दुबईच्या गिऱ्हाइकाकडून नकाशाबरहुकूम ॲल्युमिनियमचे भाग करण्याची ऑर्डर मिळाली. ऑक्टोबर २००३ मध्ये 'बीबीसी चायना' हे जहाज इटलीतल्या तारांतो बंदरात वळवण्यात आलं. लिबियाकडे निघालेल्या पाच कंटेनरांत हेच भाग निघाले. पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्यानं मागवलेले ते सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग होते. आपण काय बनवतो आहोत हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं कारखान्यानं सांगितलं. आणि अशा मालाची निर्यात रोखणारा पुरेसा कायदा तेव्हा मलेशियाकडे नव्हताच. तो २०१० मध्ये झाला.

२८ एप्रिल २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १५४० क्रमांकाचा ठराव केला. प्रत्येक देशानं असं नियंत्रण ठेवलंच पाहिजे, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांना इतरांनी मदत करावी, असं त्यात आहे. आपणही २००५ मध्ये कायदा केला.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे सगळं ऐकून हसू येईल. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुसामग्रीची दारं बंद करणारा जो गट जमला, तो आपल्यावरच डोळा ठेवून. हवामानाच्या अंदाजासाठी मागितलेला महासंगणकही आपल्याला हवा तसा मिळाला नाही. त्यातूनच पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. 'संवेदनशील' कशाला म्हणायचं हे बलवान ठरवतात, ही तक्रार खोटी नाही. पण जाळं अन्यायानं टाकलं गेलं म्हणून अणुबॉम्बचं बटण शेजारी मोकाट जावं, असंही कुणी म्हणणार नाही. आज चारपैकी तीन गटांत आपण बसतो: क्षेपणास्त्रांच्या गटात २०१६ पासून, वासेनार गटात २०१७ आणि ऑस्ट्रेलिया गटात २०१८ पासून. अणुपुरवठादारांच्या गटात मात्र अजून नाही.

न्हावा शेवालाही याची चुणूक मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये चीनहून कराचीला निघालेल्या जहाजातून इटलीत बनलेलं एक सीएनसी यंत्र तिथे उतरवून घेतलं गेलं. डीआरडीओच्या तज्ज्ञांनी ते तपासलं. क्षेपणास्त्र कार्यक्रमात त्याचा उपयोग होऊ शकतो, असं आपल्याकडून सांगण्यात आलं. मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं ते साधं लेथ आहे, असं पाकिस्तानचं म्हणणं.

या खर्चाची कमकुवत बाजूही आहे. वर्ग करून आलेला अधिकारी दोन वर्षांनी बदलून जातो. देणगीचं यंत्र बिघडलं की दुरुस्तीचा पैसा कुणाचा, यावर फाइल अडते. शिवाय पैसा देणाऱ्याच्या राजकारणावर सारं अवलंबून. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेनं परदेशी विकासमदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला, तेव्हा परक्या पैशावर उभं केलेलं काम किती झटकन अडकू शकतं ते जगभर दिसलं. एकीकडे २०२२ पासून रशियाकडे जाणाऱ्या चिप्स तिसऱ्या देशांतून वळसा घेतात, म्हणून पाश्चात्त्य देशांनी ५० वस्तुगटांची खास यादी केलेली. ती यादी वाचणारी माणसं त्या तिसऱ्या देशांत नकोत का?

आपल्या पुणे-कोल्हापूर पट्ट्यातल्या कारखानदारांसाठी एक सांगतो. गंज न चढणाऱ्या खास मिश्रधातूंचे काही पंप आणि व्हॉल्व्ह आपल्या 'स्कोमेट' यादीत आहेत. ते रसायन कारखान्यात लागतात, तसेच विषारी वायू बनवायलाही. असा माल परदेशी जायचा तर दिल्लीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. सोबत शेवटच्या वापरकर्त्याचं प्रमाणपत्र जोडायचं: माल कोण वापरणार, कशासाठी, आणि परवानगीशिवाय पुढे विकणार नाही. गिऱ्हाईक हे लिहून द्यायला टाळाटाळ करू लागलं, किंवा पुढच्या बिलाचे पैसे रोख देऊ म्हणालं, तर ऑर्डर कितीही मोठी असो, माल बांधण्याआधी दिल्लीला विचारा.