जुन्या कॅमेऱ्यातला त्रिकोण

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, चामडी पिशवीत घातलेला एखादा जुना कॅमेरा तुमच्या घरी पडून आहे काय? असल्यास तो हळूच बाहेर काढा आणि पुढून पाहा. भिंगाच्या वर एक मोठी खिडकी आणि तिच्यापासून तीन-चार सेंटिमीटरांवर दुसरी छोटी खिडकी दिसली, तर तो बहुधा रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेरा असेल. रशियात १९५६ पासून बनू लागलेला झोर्की-४ किंवा १९६६ साली निघालेला जपानी याशिका इलेक्ट्रो ३५ ही याच जातीची यंत्रे होत.

आता मागून डोळा लावा. मधोमध एका फिकट चौकोनात वस्तूची दुसरी प्रतिमा दिसेल. भिंगाचे कडे फिरवले की ती सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या, की भिंग नेमके त्या वस्तूवर लागले.

हे कसे घडते? दोन खिडक्यांमधील अंतर हा त्रिकोणाचा पाया आणि वस्तू हा त्याचा शिरोबिंदू. कर्नल लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरांचा पाया मोजून ज्या त्रिकोणांनी भारताची मोजणी आरंभली, तीच ही युक्ती. (हा लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला.) कॅमेऱ्याचा पाया मात्र जेमतेम ४ सेंटिमीटरांचा. त्यामुळे वस्तू १ मीटरवर असता किरणांमधील कोन सुमारे २.३ अंश भरतो, तर १० मीटरवर केवळ ०.२३ अंश. आतला आरसा फिरतो त्याच्या दुप्पट कोनातून किरण वळतो, म्हणून आरशाला याच्या निम्मेच फिरावे लागते. तो केसभर जरी सरकला, तरी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पुसट येणार!

परभणीच्या हवेत अशा यंत्राला दोन शत्रू आहेत. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याखालच्या पेटीत भिंगाच्या आट्यांतील वंगण पातळ होते, त्यातले तेल पसरते आणि याशिकासारख्या कॅमेऱ्यात शटरची पाती एकमेकांना चिकटतात. मग येतो पावसाळा. चामडे ओल धरून ठेवते आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते. तिच्यातून स्रवणारी आम्ले काच खातात. अशी खाल्लेली काच पुसून बरी होत नाही, म्हणून पिशवी आधी दूर करा.

साफसफाईपूर्वी रीळ मागे गुंडाळण्याची चकती हलकेच फिरवून पाहा. ती अडली तर आत फिल्म असण्याचा संभव आहे. अशा वेळी पाठ उघडू नका. त्या फिल्मवर कदाचित घरातले कोणी असेल, जे आज नाही. आत जुना सेल सापडला तर तो पाऱ्याचा असू शकतो. तो फोडू नका, केरातही टाकू नका. मोठ्यांच्या हाती द्या.

धूळ रबरी फुग्याच्या वाऱ्याने उडवावी, मगच मऊ ब्रश लावावा. काचेवरील बोटांचे डाग मलमलीच्या धुतलेल्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसावेत. द्रव काचेवर थेट ओतू नये. आणि शटर अडकले म्हणून शिवणयंत्राचे तेल सोडण्याचा मोह तर मुळीच नको! ती पाती कोरडीच चालतात.

खरा धोका आहे तो आतल्या अर्धपारदर्शक आरशाला. त्यावरील धातूचा थर मिलिमीटरच्या काही लक्षांशांएवढा असतो. कापसाचा एक हात फिरला की दुसरी प्रतिमा कायमची गेली. वरचे झाकण उघडलेच, तर तेथे फक्त वारा मारावा. प्रतिमा फिकटच राहिली, तर मोठ्या खिडकीच्या मध्यावर काळ्या चिकटपट्टीचा लहानसा ठिपका लावून पाहा, ती उठून दिसते.

आता पारख. त्रिकोण तपासायला फार दूरची वस्तू हवी, आणि आपल्या काळ्या जमिनीच्या सपाट मुलखात तिची वाण नाही. किलोमीटरभर दूरची पाण्याची टाकी घ्या, नाहीतर रात्री चंद्र. कडे ‘अनंत’ खुणेवर असता दोन चंद्र दिसले, तर आरसा ढळला आहे. झोर्की-४ मध्ये पुढच्या बाजूचा लहान झाकणस्क्रू काढला की आत जुळणीचा स्क्रू असतो. घड्याळजीच्या बारीक पेचकसाने तो अगदी किंचित फिरवून दोन चंद्रांचा एक करावा. (या कॅमेऱ्यात शटर चढवल्याखेरीज वेगाची चकती फिरवू नये, हेही ध्यानात असू द्या.)

रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ काढून फिल्मच्या रुळांवर धुरकट चिकटपट्टी ताणून बसवा. शटर चढवून ‘बी’ वर उघडे धरा; दुधी काचेवर पडावी तशी उलटी प्रतिमा दिसेल. पडद्याला बोट लागू देऊ नका. आता १ मीटरवर वर्तमानपत्र टांगा, खिडकीतून दोन प्रतिमा जुळवा आणि पट्टीवरची अक्षरे हातभिंगाने पाहा. अनंतावर जुळणारा कॅमेरा येथे चुकत असेल, तर दोष भिंगाच्या आट्यांत किंवा आरसा ढकलणाऱ्या दांडीत आहे. ते काम जाणत्या कारागिराकडे द्यावे.